गिअरबॉक्सचं नवं तेल

जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बदलून झालं होतं. मेकॅनिक नरसाळं धरून उभा होता. तेलाची पातळी मात्र नेहमीसारखी निमकर स्वतःच डिपस्टिक बुडवून बघणार होते; गाडीच्या बाबतीत त्यांचा कुणावर विश्वास नव्हता.

"काका, इंजिन चालू आहे. आत बसून कुणीतरी ब्रेक दाबून एकेक गिअर टाकायला हवा. मगच पातळी बरोबर कळेल."

निमकरांनी बायकोला बोलावलं. शरयूताईंचा डावा पाय लहानपणापासून अधू. त्यांना चालवता यावी म्हणून तर ही बिनक्लचची गाडी घेतली होती. शरयूताईंनी हौसेने लायसन्सही काढलं. पण आज पॉलिश केलंय, उद्या बाजारात कुणी घासेल, असं करत किल्ली त्यांच्या हाती कधी आलीच नाही. मग त्यांनी मागणंच सोडलं.

त्या ड्रायव्हरच्या जागी बसल्या. पाय ब्रेकपर्यंत पोचेना.

"सीट पुढे घे," निमकर म्हणाले. "खाली दांडी आहे."

शरयूताईंनी दांडी ओढली, जोर लावून पाहिला. सीट हलली नाही. मेकॅनिकने वाकून पाहिलं.

"सीट सरकायची पट्टी गंजून जाम झालीय, काका. एवढी जपलेली गाडी, पण ही सीट कधी सरकवलीच नाही का कुणी?"

निमकर हातातल्या डिपस्टिककडे बघत राहिले. नवं तेल ओघळून त्यांच्या बोटांवर आलं होतं.

शरयूताई सावकाश उतरल्या. नवऱ्याच्या हातातली डिपस्टिक त्यांनी काढून घेतली.

"तुम्हीच बसा," त्या म्हणाल्या. "तुमच्याच मापाची आहे ती."