पहिल्या नंबरावर कोणती शाळा

“ताकाला जाऊन भांडं काय लपवतेस? विचार की सरळ,” जनेल म्हणाली.

शेजारची कॉरिन स्वयंपाकघराच्या दारातच घुटमळत होती. “पोरांच्या शाळेच्या सोडतीचं विचारायचं होतं. उद्या शेवटचा दिवस. थिओसाठी शाळा कुठल्या क्रमानं लिहू, काही कळत नाही बघ.”

सावज आयतंच चालून आलं होतं. जनेलनं खुर्ची पुढे ओढली आणि तिला कॉफी दिली.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत याच घरात जनेलच्या आईचं, मिस ओडेसाचं, पाळणाघर होतं. वॉशिंग्टनच्या या गल्लीतली निम्मी पोरं तिच्या बोटाला धरून चालायला शिकली. जनेलची नायला तिथलीच, कॉरिनचा थिओही तिथलाच. मग परवान्यापेक्षा पोरं जास्त आहेत अशी तक्रार गेली आणि पाळणाघराला कुलूप लागलं. फोन शेजारच्या घरून आला होता, बाईचा आवाज होता, एवढं तपासनीस बोलून गेला. जनेल कॉरिनच्या दारात उभी राहून साऱ्या गल्लीदेखत तिच्यावर ओरडली होती. कॉरिन खाली बघत एवढंच म्हणाली होती, “हो. मीच.”

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आईनं फारच धरल्यामुळे जनेलनं भांडण मिटवलं. म्हणजे तोंडानं मिटवलं. पोटातली आग तशीच होती.

“मला टेकडीवरची चार्टर शाळा हवी आहे गं,” कॉरिन म्हणाली. “तिथं बोलायला शिकवणाऱ्या बाई रोज वर्गात असतात. थिओ अजून दोन शब्द जोडत नाही. पण कारभार खासगीसारखा आणि फी नाही, म्हणून अख्खं शहर तिच्याच मागे. आपली कोपऱ्यावरची सरकारी शाळा काय, मागितली की मिळते.”

नियम जनेलला पाठ होता. यादीत वरून जी शाळा आधी लागेल ती तुमची, आणि तिच्या खालच्या सगळ्या शाळांच्या प्रतीक्षेच्या रांगेतून तुमचं नाव पुसलं जातं. म्हणून मनातली शाळा सगळ्यात वर लिहायची. ती नाही लागली तरी तिची रांग टिकते आणि खालची शाळा हातात असते. पण दरवर्षी कितीतरी आईबाप घाबरून नेमकं उलटं करतात.

“चार्टर वर लिहिलीस तर पहिला नंबर फुकट गेला म्हणून समज,” जनेल गोड आवाजात म्हणाली. “कोपऱ्यावरची वर टाक, चार्टर दुसरी. दोन्हीकडे पाय राहतो.”

“नक्की ना?”

“अगं, मीही तसंच लिहितेय.”

कॉरिनचे डोळे भरून आले. “एवढं होऊनही तू... मिस ओडेसाची लेक शोभतेस हं.”

ती गेल्यावर जनेलनं नायलासाठी चार्टर पहिली लिहिली.

वसंतात निकाल लागला. थिओला कोपऱ्यावरची शाळा मिळाली आणि चार्टरच्या रांगेतून त्याचं नाव गेलं. त्या वर्षी चार्टरनं एक वर्ग वाढवला. रांगेतल्या शेवटच्या पोरालासुद्धा बोलावणं आलं. नायलालाही आलं. जनेलनं त्या दिवशी पीचचा केक भाजला आणि भांडी घासताना गाणं म्हटलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी नायलाला सोडून जनेल आणि मिस ओडेसा परतत होत्या. समोरून कॉरिन थिओला ओढत नेत होती. त्याला काहीतरी सांगायचं होतं, शब्द सापडत नव्हते, तो नुसता रडत होता.

“बघ ममा,” जनेल म्हणाली. “तुझं पाळणाघर बुडवलं ना तिनं, त्याचं उट्टं काढलं मी. क्रमच उलटा सांगितला तिला.”

मिस ओडेसानं तिचा दंड धरून तिला थांबवलं.

“पोरी, काय करून बसलीस! माझे गुडघे गेले होते, लेकरं उचलवत नव्हती. तुझं आपलं ‘ममा, आणखी एक वर्ष’ सुरूच. मी पाळणाघर चालवत राहिले असते तर तू नायलाला शाळेत घातलंच नसतंस. तुला तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. मग कॉरिनच्या घरून मीच फोन केला आणि तिचे हात धरून म्हटलं, बाई, नाव तुझं होऊ दे. ती एका शब्दानं नाही म्हणाली नाही.”