शिशाची पकड

तपासणीच्या नळीत रक्त चढत होतं. सहा वर्षांची मुलगी बापाच्या मानेत तोंड खुपसून बसली होती. चार महिन्यांपूर्वी सरसर लिहायची ती अक्षरं आता विसरत चालली होती. पोट सारखं दुखायचं. पहिल्या तपासणीत तिच्या रक्तात शिसं सापडलं होतं.

“निघेल ना ते?” बापाने विचारलं.

“शरीरातल्या प्रथिनांमध्ये गंधक असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “शिसं त्याच्याशी इलेक्ट्रॉन वाटून घेतं. अशी जोडी जमली की सहजासहजी सुटत नाही. औषधातही गंधकच आहे. ते शिशाला जास्त घट्ट धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. पण रोज नवं शिसं आत जात राहिलं तर औषध कुठवर पुरणार?”

बाप जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायच्या कारखान्यात होता. पण कामाचे कपडे तो स्वतःच मागच्या नळावर धुवायचा, घरात आणायचाच नाही. पाणी तपासलं होतं, भिंतींचा रंगही. कशातच काही नव्हतं.

“घरी गेल्या गेल्या अंघोळ करता?”

“हो, म्हणजे... ही दारातच गळ्यात पडते. मग घटकाभर सोडतच नाही.” तो कौतुकाने हसला. हसू तोंडावरच थिजलं.

डॉक्टरीणबाईंनी खिडकीशी बसलेल्या आईचा रिपोर्ट उचलला. “तुम्हीही त्याच घरात राहता. तुमच्या रक्तात जवळजवळ काहीच नाही. असं कसं?”

आई खिडकीबाहेर बघत राहिली. “मी त्यांच्याजवळ जात नाही,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. बोलतही नाही.”

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. औषध लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाप कामावरून आला. चाहूल लागताच मुलगी धावत सुटली.

“थांब! हात लावायचा नाही मला!”

आवाज नको तेवढा चढला. मुलगी हात पसरून होती तशीच थांबली. बाप तिच्याकडे न बघता नळाकडे वळला. शर्टाची गुंडी त्याला काही केल्या सुटेना.

मुलीने हळूहळू हात खाली घेतले. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिच्याजवळ जाऊन तिने हलक्या आवाजात विचारलं,

“आजपासून मीपण बाबांशी बोलायचं नाही का?”