डावीकडचा बैल

जुवाचं डावं टोक त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, तेव्हा नांगर धरलेल्या बायकोनं तोंड फिरवलं. उजवीकडं एकटा तांबडा बैल उभा होता.

वाटणीत भावांनी बैलजोडीही वाटून घेतली होती. तांबडा या थोरल्याला, भोऱ्या धाकट्याला. तेव्हापासून भावांचं बोलणं बंद, आणि तांबड्याशेजारी दुसरा बैल टिकत नव्हता. डोंगरउतारावरच्या या तुकड्यात ट्रॅक्टर चढत नव्हता. घरच्या नाचणीपुरतीच जमीन, पण कुदळीनं खणून नवरा-बायकोचे हात सोलले होते.

अर्ध्यावर तो मटकन खाली बसला. "राहू दे यंदा पडीक."

"मग खायचं काय?" तिनं विचारलं. भांडायचं बळ तिच्यातही नव्हतं.

मागं घंटा वाजली. बांध उतरून भोऱ्या आला आणि सवयीनं तांबड्याच्या डाव्या अंगाला मान खाली घालून उभा राहिला.

पलीकडून धाकट्याचा आवाज आला, "वहिनी, आमचा बैल दावं तोडून आलाय तिकडं. सांजच्याला द्या धाडून."

तिनं पाहिलं. दावं कुठंच तुटलं नव्हतं. पायात येऊ नये म्हणून ते नीट गुंडाळून शिंगांना बांधलेलं होतं.