उजवीकडची नथ

नवरीच्या नाकावर नथ बसेना. डावीकडे चाप लावला की मोत्यांचा झुपका गालाकडे न झुकता थेट तोंडात जायचा.

"मावशी, ही नथ आहे की गळ?" भाची वैतागली. बाहेर गुरुजी "मुलीला आणा" म्हणून ओरडत होते.

कुंदामावशीने घाईघाईने मोबाइल काढला. नथी घडवायला ती एका ग्रुपवरच्या व्हिडिओंतून शिकली होती आणि ही तिची पहिलीच नथ. तिने सातवा व्हिडिओ पुन्हा लावला. शिकवणाऱ्या बाईंच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यातले सगळे आकडे उलटे होते. सेल्फीच्या कॅमेऱ्याने आरशातलं चित्र दाखवलं होतं, आणि मावशीने तार इमानेइतबारे उजव्या नाकपुडीसाठी वळवली होती.

"सोनाराकडून आणू म्हणत होते मी," नवरीची आई कडाडली. "आता विहीणबाईंसमोर नाक कापलं जाणार माझं!"

"नाक उजवीकडेही आहे की," म्हणत भाचीने चाप उजवीकडे बसवला आणि ती मांडवात निघाली. मावशी मान खाली घालून मागोमाग गेली.

विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला होता. त्या नवरीच्या नाकाकडे रोखून बघत राहिल्या.

"कुणी केली ही?"

"मी," मावशी पुटपुटली.

विहीणबाईंनी पदर खाली घेतला. त्यांच्याही उजव्या नाकपुडीवर हुबेहूब तशीच नथ होती.

"सातवा व्हिडिओ ना?" त्या कुजबुजल्या. "कुणी विचारलंच तर ठाम सांगायचं, आमच्या दोन्ही घरांत पूर्वापार हीच रीत आहे."