जिन्याखालचं टेबल

"मिस, तुमची खोली आम्हाला देता का?" थेट मुख्याध्यापिकेला हे विचारायची पैज गल्लीतल्या मैत्रिणी टिली आणि ब्रॉनीनं माझ्याशी लावली होती. त्यांच्या, कोपऱ्यावरच्या शाळेत माझ्यासारख्या, गोंगाटानं बावरणाऱ्या मुलांसाठी शांत वर्ग निघत होता. जागा आठ, आणि यादीत मी नववी! पाच वर्षं मी काउन्सिलनं, म्हणजे नगरपालिकेनं, दिलेल्या टॅक्सीनं तासभर लांबच्या शाळेत जात होते.

मिस हॉलरॉइड हसल्या. "मग मी कुठं बसू, पोरी?"

"जिन्याखाली! ऐसपैस आहे की."

गेल्या आठवड्यात त्यांचं टेबल खरंच जिन्याखाली गेलं आणि आज पत्र आलं: त्या खोलीमुळे वर्गात चार जागा वाढल्या, त्यातली एक माझी.

मी ओरडलेच, "मम, डॅड, टॅक्सी बंद करा! सोमवारपासून मी चालत जाणार. आणि तुम्ही दोघांनी सोडायला फाटकापर्यंतसुद्धा यायचं नाही!"