सगळ्यात जास्त ऐकलेली ओवी

सांगलीत पारसचं टीव्ही-स्पीकरचं दुकान होतं. दुकानाच्या नावानं त्यानं गाण्यांचं ॲप काढलं आणि मोठ्या कंपन्यांपुढं ते टिकावं म्हणून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून त्यावर टाकल्या. वर्षाअखेर पाहिलं, तर शिराळ्याच्या मनुबाईची ओवी एकाच फोनवरून रोज साठ-सत्तर वेळा ऐकली जात होती. असा माणूस जाहिरातीत हवाच, म्हणून बक्षिसाला एक स्पीकर बाजूला ठेवून त्यानं त्या नंबरला फोन लावला.

फोन उचलला गेला, पण पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला. जरा वेळानं एका म्हाताऱ्यानं फोन घेतला. "बोला, मी आकाराम."

"काका, तुम्हाला मनुबाईंचा आवाज एवढा आवडतो, तर त्यांच्या आणखी दहा ओव्या रेकॉर्ड करून घेतो," पारस हौसेनं म्हणाला.





"आवं, मी न्हाई, मनुबाईच ऐकतीया. माझी बायकू ती. मिरजेला कॅन्सरपायी तिच्या घशातली आवाजाची पेटी काढली, तवापासनं दिसभर हेच लावून बसती."