मायेचा आवाज

गादीच्या कंपनीने ग्राहकांसाठी पॉडकास्ट सुरू केला आणि तिथे नोकरीला असलेला तिचा नवरा त्यात बोलू लागला. घरी 'हं'च्या पुढे न जाणारा हा माणूस तिथे परक्या बायकांची पाठदुखी काय मायेने ऐकून घ्यायचा! भाजी चिरता चिरता ते ऐकताना तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "माझी पाठ काय लाकडाची आहे?" ती मोबाइललाच विचारायची.

शेवटी तिनेही नाव न सांगता प्रश्न रेकॉर्ड करून पाठवला. "शेजारी माणूस असूनही एकटं वाटतं हो. झोपच लागत नाही."

पुढच्या भागात तिचा आवाज वाजला. नवऱ्याने तो पुन्हा एकदा लावला. ओळखलं वाटतं, म्हणून तिने सुरी खाली ठेवली.

"कळतंय हो मला, ताई. एकदा आमची गादी घेऊन बघा."